बारीक टाका

दत्तप्रसादने मशीनची सुई सोडवली, तिचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून हळूच ओढलं आणि डोळे बारीक करून नखाकडे पाहिलं.

"ही ब्लाउजची सुई," तो म्हणाला. "चामड्याक धारेची सुई लागता. ती कापीत जाता. ही नुसती भोसकता. म्हणान जाड जाग्यार टाको सुटता."

दीपिकाला हसूच आलं. नवी सुई बसवल्यापासून पंधरा दिवस ती मशीन उघडत होती, तेल सोडत होती, दोऱ्याचा ताण कमी-जास्त करत होती, मशीनला मनातल्या मनात नाही नाही ते बोलत होती, आणि खोट निघाली बोटभर सुईत. एवढ्यासाठी सावंतवाडीहून एक म्हातारा मेकॅनिक दोन एसटी बदलून मसुऱ्याला आला, याची तिला थोडी लाजही वाटली.

मशीन तिने दीड वर्षापूर्वी कोल्हापूरहून आणलं होतं. तिथे चपलांचा एक कारखाना बंद पडला तेव्हा दोन मशिनं विकायला होती. एक चकचकीत आणि हलकं. दुसरं काळं, अवजड, रंग उडालेलं, पण वरचा पाय आणि खालचे दाते दोन्ही मिळून चामडं पुढे ओढणारं. दीपिकाने दुसरं घेतलं. निवड चुकली नव्हती. आल्या आल्या दत्तप्रसादनेही मशीनच्या पाठीवर थाप मारून "ह्यां खरां जनावर" असं प्रशस्तिपत्र देऊन टाकलं होतं.

त्याने नवी सुई बसवली, दीपिकाने दिलेला जाड चामड्याचा तुकडा दुमडून पायाखाली घातला आणि मशीन चालवलं. एकही टाका सुटला नाही. मशीन बंद करता करता त्याची नजर टाक्याची लांबी ठरवणाऱ्या खटक्यावर गेली आणि हात तिथेच राहिला.

"ह्यो हय कोणी लावलो?"

"मीच."

"नेहमी हयच असता?"

"हां. बारीक टाको घट्ट रवता."

मसुऱ्यात दीपिकाच्या बारीक टाक्याला नाव होतं. ब्लाउज विरेल, पण तिची शिवण उसवणार नाही, असं बायका म्हणायच्या. तिला त्याचा अभिमान होता आणि तो लपवण्याच्या भानगडीत ती कधी पडली नव्हती.

दत्तप्रसादने शिवलेला तुकडा उचलला. टाक्यांच्या रेघेवर तो एकदा दुमडला, उलटा दुमडला, आणि दोन्ही हातांनी झटका दिला. चामडं रेघेवरून सरळ फाटलं. दोरा मात्र शाबूत होता.

"कापडाचे धागे सुयेक वाट देतत. बाजूक सरकतत," तो म्हणाला. "चामड्याचां तसां नाय. एक टाको म्हणजे एक भोक. पोस्टाच्या तिकिटाक भोकां कित्याक पाडतत?"

दीपिका दोन्ही तुकडे हातात घेऊन बघत राहिली.

"इंचाक पाच टाके. फार तर सहा. ह्ये चवदा आसत." तो अवजारं पिशवीत भरू लागला. "काय काय शिवलंस ह्येच्यार? पर्सा?"

"पर्सा," दीपिका म्हणाली. "आणि पट्टे."

"कमरेचे?"

"माडाचे."

दत्तप्रसादचे हात थांबले.

माडावर चढून नारळ उतरवणारे, शेंडा साफ करणारे पाडेली आता गावात मोजकेच उरले होते. पूर्वी पायात दोराचा फास अडकवून चढायचे, एका हाताने झाडाला धरायचे आणि दुसऱ्या हाताने कोयता चालवायचे. मग कुठल्याशा प्रशिक्षणात त्यांना नायलॉनचे पट्टे मिळाले. माडाभोवती आणि कमरेभोवती पट्टा घ्यायचा, मागे रेलायचं, की दोन्ही हात मोकळे. पण नायलॉन कमरेला काचायचं. खाडीकाठच्या शंकरने आठ महिन्यांपूर्वी दीपिकाकडून चामड्याचा पट्टा करून घेतला. तो बघून गुरुदासने करून घेतला, मग आणखी चौघांनी. कडी अडकवायला चामडं दुमडून घेतलेलं असे आणि त्या दुमडीवर तिने चार-चार ओळी टाके मारले होते. माणसाचा जीव त्यावर आहे हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, म्हणून तर तिने टाका होईल तेवढा बारीक घेतला होता.

"किती दिलंस?"

"सहा."

"बाये, आजच परत घेवन ये. नवां चामडां धरता. घाम आणि खारो वारो खावन सुकलां, की कधी जायत सांगता येणा नाय." मशीनवर झाकण ठेवता ठेवता तो पुन्हा म्हणाला, "आणि खरां काय तां सांग तेंका. लाजा नको."

तिने फोन केले नाहीत. एक फोन केला तर संध्याकाळपर्यंत बाजारात गजाल होईल, दीपिकाच्या पट्ट्यावरून माणूस पडता पडता वाचला म्हणून, आणि मग ब्लाउज शिवायलाही कोणी फिरकणार नाही. आपण स्वतः जावं, समोरासमोर सांगावं, पट्टा घ्यावा आणि यावं, असं तिने ठरवलं. शंकरचं घर सगळ्यांत लांब होतं, पण त्याची घाई नव्हती. त्याच्या पायात काटा मोडला होता आणि आठवडाभर तो माडावर चढत नव्हता, हे तिला बाजारात कळलं होतं. त्याच्याकडे शेवटी गेलं तरी चालण्यासारखं होतं.

गुरुदास अंगणात कोयत्याला धार लावत होता. पन्नाशीचा, भरल्या अंगाचा माणूस. एवढं वजन घेऊन हा खारीसारखा चढतो कसा, याचं गावाला नवल होतं. वाटेवर स्कूटर चालवताना दीपिकाने वाक्य तयार केलं होतं. 'काकानू, माझी चूक झाली, ह्यो पट्टो वापरू नका.' एवढंच तर बोलायचं होतं.

"ये गो ये!" गुरुदास तिला बघूनच ओरडला. "सावित्री, आमच्या पट्टेवालीक सरबत आण. गो, काय केलंस तू! ह्या पट्ट्यात बसलंय की माका घरात बसल्यासारखां वाटता. किनाऱ्यारचो तो हॉटेलवालो इचारी होतो, खंयसून घेतलास? मी म्हटलंय, असलो टाको मुंबयतय गावाचो नाय."

सावित्रीकाकी कोकमाचं सरबत घेऊन आली आणि दीपिकाच्या पाठीवरून हात फिरवून गेली. दीपिकाने पेला तोंडाला लावला. वाक्य तिथेच होतं, जिभेवर, आणि ते काही केल्या बाहेर येईना.

"काकानू, पट्टो जरा देशात?" ती म्हणाली. "बक्कल बदलूचां आसा. बक्कलांचो माल खराब इलो हा."

"बक्कल?" गुरुदास म्हणाला. "माका बरां वाटता."

"बरां वाटता, पण खराब आसा. दोन दिवसांत बदलून देतंय."

"आज माका हॉटेलचे माड साफ करूचे आसत. उद्या पावणे येतले. कोणाच्या टकलेर नारळ पडलो म्हणजे?" तो हसला. मग पट्टा खुंटीवरून काढून त्याने तिच्या हातात दिला. "ने तू. माजां मी बघतंय कायतरी."

बाहेर रस्त्यावर आल्यावर दीपिकाला एवढं हलकं वाटलं की तिची तिलाच शरम वाटली. पण काम झालं होतं. पट्टा डिकीत होता. कसा का होईना, पट्टा काढून घेतल्याशी मतलब, असं तिने मनाला समजावलं आणि पुढच्या घरी बक्कल आणखी सहज सांगितलं. सत्यवानने काही न विचारता पट्टा दिला. समर्थ घरी नव्हता, त्याच्या आईने दिला आणि बक्कलच आहे तर पितळेचं बसव असंही सांगितलं. दुपारी दोनपर्यंत पाच पट्टे झाले.

खाडीकडे उतरण्यापूर्वी तिने आंब्याच्या सावलीत स्कूटर उभी केली आणि गुरुदासचा पट्टा बाहेर काढला. कडीजवळची दुमड तिने उलटी करून उन्हात धरली. टाक्यांच्या दोन भोकांमध्ये केसासारखी चीर होती. पुढच्या दोन भोकांमध्येही होती. तिने नखाने हळूच दाबलं, तर तीन-चार भोकं मिळून एक झाली.

हा पट्टा चार महिन्यांचा होता. शंकरचा आठ महिन्यांचा. बरं झालं त्याच्या पायात काटा मोडला, असा विचार तिच्या मनात आला, आणि दुसऱ्याच्या काट्याला बरं म्हणायची वेळ आपल्यावर आली याचं तिला वाईट वाटलं. शंकरला तरी खरं सांगायचं, असं तिने तिथेच ठरवलं. बक्कल आता पुरे झालं.

शंकर पायाला फडकं बांधून ओसरीच्या पायरीवर बसला होता. त्याला तिथे बसलेला पाहून दीपिकाचा जीव भांड्यात पडला. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि त्याने बस म्हणायच्या आत बोलू लागली.

"शंकरदादा, तुझो पट्टो दी. माझी चूक झाली. टाको बारीक घेतलंय. चामडां तेच्यार फाटतलां. पाच जणांचे घेतलंय, तुझो तेवढो रवलो."

शंकरने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"टाको? गुरुदास तर बक्कल म्हणा होतो."

"गुरुदासकाका? ते कधी भेटले?"

"आताच येवन गेलो. तास झालो आसात. तू तेचो पट्टो बक्कलासाठी नेलंस ना? म्हणालो, तुझो दी आजच्या दिवसाक." शंकर पायरीवरून उठायला लागला. "माजां बक्कल तेणी ओढून ओढून बघल्यान. बरां आसा म्हणालो. घेवन गेलो."

दीपिकाने फोन काढला. गुरुदासचा नंबर दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला. तिकडे घंटी वाजत राहिली. माडावर चढताना गुरुदास फोन खाली बायकोकडे देऊन चढायचा. नारळ गोळा करायला ती नेहमी त्याच्याबरोबर जायची.

"हॅलो," सावित्रीकाकीचा आवाज आला. मागे समुद्राचा आवाज होता. "कोण? दीपिका? ते वयर आसत गो. शेवटचो माड. उतारले की लावूक सांगतंय हां."

"काकी, ठेवू नका!" दीपिका म्हणाली. "आयका. तो पट्टो तुटतलो. बक्कल नाय, बक्कलाक काय झालां नाय. माझो टाको चुकलो. मी सकाळी तुमका खोटां सांगितलंय. काकांका सांगा, पट्ट्यार भार टाकू नका. माडाक मिठी मारून खाली उतरा म्हणान सांगा. आता. आता सांगा."

मग फोन काकीच्या हातातच राहिला असावा, कारण सुकलेल्या झावळांवरून धावणारी पावलं ऐकू आली, आणि मग तिचा आवाज. एवढा मोठा आवाज काकीला आहे हे दीपिकाला माहीत नव्हतं.

"ओ! आयकतास? खाली उतरा! दीपिकाचो फोन इलो! पट्टो खराब आसा म्हणता! पट्टो!"

वारा असावा. वरून काय उत्तर आलं ते कळलं नाही. काकी पुन्हा ओरडली, तेच शब्द, आणखी मोठ्याने. पायात चप्पल नसलेला शंकर लंगडत मोटरसायकलकडे निघाला होता आणि किल्लीसाठी खिसे चाचपत होता.

मग गुरुदासचा आवाज आला. फार उंचावरून, बारीक, पण शब्द सगळे कळले. तो हसत होता.

"बक्कल मगे? बक्कल बरां आसा म्हणान सांग तिका! मी बघून घेतलंय! ह्यां बघ, दोनय हात सोडलंय!"

दीपिकाने शंकरच्या पायरीवर बसून घेतलं. फोन कानाला तसाच धरून ती काकी पुन्हा बोलण्याची वाट बघू लागली.