सासऱ्यामागची होडी

कोळ्यांना पेट्रोल वाटून देणारे साहेब, मुखितला तुम्ही चोर ठरवलंत. बंद खोलीत बसून ठरवलंत, की धक्क्यापासून जाळ्यांपर्यंत जाऊन यायला एवढंच पेट्रोल लागतं, आणि ज्याला जास्त लागलं त्याने ते बाहेर विकलं. होडी कुठल्या वेगाने गेली, कोणाच्या मागे गेली, हे विचारायचीसुद्धा तसदी घेतली नाहीत.

पण म्हातारा एसिर्केप सध्या मान खाली घालून फिरतो, तो तुमच्यामुळे नाही. तुमच्याआधी मुखितला चोर म्हणाला तो एसिर्केपच. आणि मुखित त्याचा जावई.

झालं असं. अराल समुद्राच्या धक्क्यावर बायका सुदाक मासा निवडत बसल्या होत्या. त्यातली कुल्याश, जिची जीभ तिच्या सुरीपेक्षा धारदार, ती ओरडली, "एसिर्केप आगा, पेट्रोल तुमच्या जावयाची होडी पिते, की जावईच पितो?"

सगळ्या खिदळल्या. म्हाताऱ्याचे कान तापले. स्वतःचं नाक वाचवायला तो बोलून गेला, "माझी जुनी लाकडी होडी दिलेल्यात भागवते. याची नवी, हलकी, पत्र्याची. मग जातं कुठे? विकत असेल मेला!"

मुखित मागेच उभा होता. तो एवढंच म्हणाला, "बाबा, जाळी कुठे ठेवू?"

तुमचा माणूसही तिथेच उभा होता. दुसऱ्या दिवसापासून मुखितचं पेट्रोल बंद. होडी वाळूवर पालथी.

पुढे एसिर्केपचं इंजिन बसलं. जाळी तर पाण्यात. नाइलाजाने त्याने आपल्या वाट्याचं पेट्रोल जावयाच्या होडीत ओतलं आणि दोघं एकाच होडीतून निघाले. मुखितने सवयीने रोजचीच चाल धरली. होडीचं नाक आभाळाला, बूड पाण्यात रुतलेलं, इंजिन कण्हतंय, पुढचं काही दिसत नाही.

"अरे, ही काय गाभण म्हैस आहे, अशी मागे रेलून चाललीय? दाब की!"

मुखित घुटमळला. "तुमच्यापुढे कसा जाऊ, बाबा?"

"मी तुझ्याच होडीत बसलोय, गाढवा! ओलांडणार कोणाला?"

मुखितला हसू फुटलं. त्याने इंजिनाची मूठ पिळली. होडी धडपडत वर चढली, नाक खाली आलं, आणि ती पाण्यावरून घसरत निघाली. मग त्याने मूठ जरा सैल सोडली, तरी ती तशीच पळत राहिली. कण्हणं थांबलं.

परत आल्यावर म्हाताऱ्याने डबा हलवून पाहिला. आत उरलेलं चांगलंच पेट्रोल डुचमळलं. तो मटकन काठावर बसला.

उन्हाळाभर त्याची जड होडी पुढे, मुखितची हलकी होडी मागे. त्या चालीत मुखितची धड तरंगत नव्हती, धड चढत नव्हती. होडी सगळ्यात जास्त पिते ती तिथेच. मूठ एकदा पिळली असती तर सुटला असता. पण जावई सासऱ्याची वाट कापत नाही. आणि उघड्या पाण्यावर म्हाताऱ्याला एकटं सोडून मागेही राहत नाही.

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? माझा सासरा हळू चालतो म्हणून?"

एसिर्केप उठला आणि थेट बायकांसमोर जाऊन उभा राहिला. "याने काही विकलेलं नाही. माझा मान राखायला जाळलं. मी मात्र चारचौघांत याची अब्रू घालवली." कुल्याशने थट्टा केली नाही. चहाचा वाडगा पुढे केला.

मग तो तुमच्या दारात आला. सगळं सांगितलं. तुम्ही हसलात. "आजोबा, मान राखायला पेट्रोल द्यायची आमच्याकडे सोय नाही."

ती होडी अजून पालथीच आहे. मुखित अजूनही सासऱ्याला पाहून उठून उभा राहतो, आणि प्रत्येक वेळी म्हाताऱ्याला वाटतं, वाळू फाटावी आणि आपण आत जावं.

विकल्याचा तुमच्याकडे दुसरा पुरावा नव्हता. म्हाताऱ्याच्या तोंडचा एक शब्द, तेवढाच. तो त्याने भर धक्क्यावर मागे घेतला. मग तुमचा आरोप अजून का उभा आहे? उत्तर द्या.