दुसरी सीट

सगळं माझ्या डाव्या गुडघ्यापासून सुरू झालं. गुडघा धड असता तर मला सीट लागली नसती, आणि सीट नसती तर माझ्या बोटीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

बोट म्हणजे काय, तर दोन निमुळती होडकी शेजारी-शेजारी, आडव्या पाइपांनी जोडलेली, मध्ये ताणून बांधलेली जाळी आणि वर एक शीड. कॅटमरान म्हणतात. माझ्या धाकट्या भावाची होती. त्याची लांब बदली झाली तेव्हा विकायचं त्याच्या जिवावर आलं, म्हणून माझ्या गळ्यात बांधून गेला. चालवायला त्यानंच शिकवलं होतं. त्या जाळीवर मांडी घालून बसायचं, खालून पाणी उडतं, दहा मिनिटांत बूड ओलं. परत येईपर्यंत माणूस चिंब. त्यामुळे घरातलं कुणी कधी "मी येतो" म्हणालं नाही. नऊ वर्षं दर रविवारी सकाळी मी तलावावर जात होते आणि दोन तास एकटी असायचे.

हे दोन तास मला का लागतात ते सांगते. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या फोनवर बसते. सकाळी साडेआठला हेडफोन कानाला लागतो. नळाला पाणी नाही, पाणी गढूळ येतंय, रस्त्यात पाइप फुटलाय, मागच्या तक्रारीचं काय झालं. बावीस वर्षांत आनंदाची बातमी द्यायला एकाही माणसानं फोन केलेला नाही. चूक कुणाचीही असो, बोलणी मला. संध्याकाळी कान गरम झालेले असतात, आणि कुणी नुसतं "अगं ऐक ना" म्हटलं तरी कान झाकून घ्यावेसे वाटतात.

त्यात हा गुडघा. दुखणं येतं हत्तीच्या पावलांनी आणि जातं मुंगीच्या पावलांनी म्हणतात. माझं जायचं नावच घेईना. डॉक्टरांनी सांगितलं, मांडी घालायची नाही. जाळीवर मांडी घालायची नाही तर काय करायचं, शिडाला लटकायचं? शेवटी एका वेल्डरला गाठलं. त्यानं अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपांची, पाठीला टेकू असलेली सीट करून द्यायचं कबूल केलं. होडक्याच्या कडेला बोल्टनं बसवायची, नको तेव्हा काढून ठेवायची. मी एकच सांगितली होती. तो म्हणाला, बाई, तुम्ही वाऱ्याच्या बाजूला बसता ना? मग बोट वळली की पलीकडे जाणार, तिकडे काय उभ्या राहणार? नऊ वर्षं बोट मी चालवतेय आणि अक्कल मला वेल्डर शिकवतोय. पण बोलला ते खरंच होतं. दोन सीट झाल्या.

इथेच माझं चुकलं. सीट म्हणजे आमंत्रण हो. ओल्या जाळीकडे बघून कुणाला बसावंसं वाटत नाही, पण रिकामी सीट दिसली की जो तो आयत्या बिळावर नागोबा. पहिल्याच आठवड्यात माझ्या मोठ्या नणंदेनं फोटो पाहिला आणि फोन केला, आता आम्हालाही फिरवून आण म्हणून. ताईंना मी सांगितलं की बोट फार हलते, पोटातलं सगळं बाहेर येतं. त्या विषयावर पडदा पडला. पण यांचं काय करणार?

हे म्हणजे माझे यजमान. चार महिन्यांपूर्वी निवृत्त झाले. ट्रकच्या वजनकाट्यावर चौतीस वर्षं काढली त्यांनी. भरलेला ट्रक काट्यावर घ्यायचा, रिकामा होऊन आला की पुन्हा घ्यायचा, वजाबाकी करायची, पावती फाडायची. कलिंगड नुसतं हातात धरून वजन सांगतात. दुकानदाराचा काटा वेगळं दाखवत असेल तर काटा बिघडलेला असतो. तर निवृत्त झाल्यापासून हे माझ्या मागे-मागे. मी स्वयंपाकघरात गेले की हे स्वयंपाकघरात, मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले की हे गच्चीवर. आणि बोलणं. कोणतं दुकान बंद झालं, खालच्या मजल्यावर कोण नवीन आलंय, टपालवाला आज कसा अर्धा तास उशिरा आला. मी चप्पल काढायच्या आत सुरू. त्यात वाईट काही नाही. भला माणूस आहे. पण माझे कान भरलेले असतात.

सीट बसवल्या त्या आठवड्यात एकदा जेवताना म्हणाले, "आता दोन सीट आहेत ना. रविवारपासून मीही येत जाईन."

येतो म्हणाले नाहीत, येत जाईन म्हणाले. म्हणजे दर रविवारी.

"पेलणार नाही," मी म्हटलं. "सगळं मिळून एकशे पंचवीस किलोच्या वर चालत नाही."

खोटं बोलावं, पण रेटून बोलावं. मी मानही वर न करता बोलले. वजनाच्या बाबतीत थाप मारायला मला अख्ख्या जगात नेमका हाच माणूस सापडला. यांचा घास हातातच राहिला.

"तू चौसष्ट," ते म्हणाले. "म्हणजे मला एकसष्ट."

हे तेव्हा अठ्ठ्याहत्तर होते. सतरा किलो. मी मनात म्हटलं, सुटले बाई. या वयात सतरा किलो कोण उतरवतंय.

दुसऱ्या दिवशी यांनी बिनसाखरेचा चहा मागितला. मग भात अर्ध्यावर आला. मग रात्रीचा भात बंद, नुसतं सूप आणि काकडी. संध्याकाळी दीड तास चालायला जायला लागले. घरातल्या वजनकाट्यावर यांचा विश्वास नव्हता, म्हणून पिठाच्या दोन न फोडलेल्या पिशव्या ठेवून त्याची परीक्षा घेतली. दर सोमवारी सकाळी मी डबा भरत असताना दारात येऊन नुसता आकडा सांगायचे. शहात्तर. चौऱ्याहत्तर. पुढे काही नाही. मीही "हो का" म्हणायचे.

तीन महिने हे चाललं. विजारी ढगळ झाल्या, पट्ट्याला खिळ्यानं दोन नवी भोकं पडली, गालांची हाडं वर आली. शेजारीण मला जिन्यात थांबवून हळूच विचारायची, तपासण्या केल्या का सगळ्या? एके दिवशी ताईंना माझा मोबाइल लागेना, तर त्यांनी सरळ तक्रारींच्या नंबरवर फोन केला. अकरा जणांच्या मागे रांगेत थांबल्या आणि माझा आवाज ऐकताच म्हणाल्या, माझ्या भावाला तू जेवायला घालतेस की नाही? तक्रार क्रमांक देऊ का, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

रविवारी मी तलावावर जायचे, पण तिथेही सुख नव्हतं. वळताना गुडघा सांभाळत या सीटवरून त्या सीटवर जायचं, आणि दर वेळी एक सीट रिकामी दिसायचीच. आज सांगू, उद्या सांगू असं करत परत यायचे. सांगणार तरी काय? बोट पेलत नाही हे सांगता येतं. तुम्ही मला नको आहात, हे एकतीस वर्षांच्या संसारानंतर कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि नको आहेत असंही नव्हतं. तेवढे दोनच तास नको होते. पण असा हिशेब समोरच्याला कळत नाही, त्याला फक्त "नको" तेवढं ऐकू जातं.

सोमवारी पासष्ट झाले होते. त्या शनिवारी माझी अर्धी सुट्टी होती. दुपारी घरी आले तर हे जिन्यातच बसलेले, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर. तोंड पांढरंफटक, कपाळावर घाम, बाजाराची पिशवी कलंडलेली आणि बटाटे पायऱ्यांवरून खाली. चक्कर आली जरा, म्हणाले. मी धावत वर जाऊन साखरेचं पाणी आणलं, घोट-घोट पाजलं. हात धरला तर मनगट माझ्या मुठीत मावलं. माझा धीरच सुटला.

"ते एकशे पंचवीस खोटं आहे," मी म्हटलं. "बोटीला दोन माणसं आरामात पेलतात."

"माहीत आहे," हे म्हणाले.

हे म्हणे पहिल्याच आठवड्यात तलावावरच्या शेडमध्ये जाऊन आले होते. होडक्याच्या मागच्या बाजूला बोट बनवणाऱ्यांची पाटी आहे, त्यावर दोनशे किलो लिहिलंय. मी नऊ वर्षांत ती पाटी कधी वाचली नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग उपाशी कशाला राहिलात?"

"म्हटलं, एकसष्ट झालो की तुझ्याकडे कारण उरणार नाही. मग एक तर नेशील, नाहीतर खरं काय ते सांगशील." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "दोन्ही चाललं असतं मला."

मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. स्वतःचाच असावा, निघाला यांच्यावर. जिन्यात, भर दुपारी, जे तोंडाला येईल ते बोलले. दिवसभर लोक माझ्या कानात ओरडतात, घरी आले की तुम्ही. आठवड्यातून दोन तास मला कुणी म्हणजे कुणी नको असतं. कुणाला उत्तर द्यायचं नसतं, हुं म्हणायचं नसतं. त्याच्यासाठी नऊ वर्षं बूड ओलं केलं मी, आणि जरा कोरडी बसले तर सगळ्यांना शेजारी यायचंय.

हे ऐकून घेत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "आणि मी गप्प बसलो तर? पलीकडच्या सीटवर. एक शब्द नाही बोलणार."

आणखी एक थाप मारायची माझ्यात ताकद नव्हती.

"तुम्ही गप्प बसलात तरी तुम्ही असताच ना," मी म्हटलं.

हे उठले नाहीत. हात पुरत होता तिथवरचे बटाटे गोळा करून पिशवीत भरायला लागले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चौतीस वर्षं मी त्या काचेच्या खोलीत एकटा बसलो. ट्रक यायचा, आकडा यायचा, पावती घेऊन ट्रक जायचा. ड्रायव्हर खालीसुद्धा उतरायचे नाहीत. मला वाटायचं, निवृत्त झालो की मग बोलू."

यात तक्रार नव्हती. तक्रारी ओळखायचा तर माझा धंदाच आहे. यांना बोलायची हौस आहे असं मी समजत होते. चौतीस वर्षांचं साठलंय, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. खालचे बटाटे मी वेचून आणले आणि आम्ही वर गेलो. त्या संध्याकाळी भात मी वाढला, आणि दुसऱ्यांदा वाढला तेव्हा यांनी हात आडवा केला नाही.

रविवारी उठले तेव्हा वाटलं, आज जाऊच नये. मग वाटलं, आज गेले नाही तर पुन्हा कधी जाता येणार नाही. दारात उभी राहून म्हटलं, "मी जाते. एकटीच जाते." नऊ वर्षांत हे शब्द तोंडानं म्हणायची पाळी आली नव्हती. हे "बरं" म्हणाले. वारा कसा आहे, टोपी घेतली का, रोजचं काहीच विचारलं नाही.

बोट चाकांवरून पाण्यापर्यंत ओढताना दोनदा थांबावं लागलं. शीड चढवलं, सुकाणू खाली सोडलं, सीटवर पाठ टेकली. वारा बेताचाच होता. पहिल्या वळणाला पलीकडे गेले, दुसऱ्याला परत आले. कुणी काही म्हणत नव्हतं. मला बरं वाटलं. लाजही वाटली, पण बरं वाटलं हे खोटं कशाला सांगू? मी पूर्ण दोन तास काढले, एक मिनिट कमी नाही.

घरी आले तर हे फोनवर होते. पलीकडे ताई. मी दाराशीच थांबले.

"नाही गं, बोट चांगली आहे," हे सांगत होते. "दोघांना पेलते. तिला एकटीला जायचं असतं." मग बराच वेळ ऐकत राहिले. "आवडतं कसलं? नाही आवडत मला. पण जाऊ दे, आता सांगून जाते."

फोन ठेवला तेव्हा मी समोर होते. भिंतीला टेकून विचारलं, "काय म्हणत होत्या ताई?"

बोलायला यांनी तोंड उघडलं होतं. मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "नंतर सांगतो. चेहरा उतरलाय तुझा. जरा पड."

मी आत जाऊन पडले. बाहेर चाललेला रेडिओ यांनी बंद केला, चमचा वाजू नये म्हणून चहा न ढवळता घेतला असावा. घरात इतकी शांतता मी चार महिन्यांत ऐकली नव्हती. हवी ती मिळाली होती आणि मला डोळा लागेना. कूस बदलली, भिंतीकडे तोंड केलं, पुन्हा कूस बदलली.

"अहो," मी हाक मारली. "या ना. सांगा, काय म्हणत होत्या?"

हे आले, पलंगाच्या कडेला बसले, आणि अगदी फोन वाजला तिथपासून सुरुवात केली.