सुरक्षित अंतर

शिंपीणकाकूंचं घर दोनदा उठलं होतं. आधी धरणासाठी, मग अणुभट्टीपासून सुरक्षित अंतर हवं म्हणून. ती भट्टी पुढे बारगळली, आणि आता काकूंच्या नव्या घरामागे पवनचक्क्या येणार होत्या.

त्यांच्या अर्धवट शिवलेल्या कापडावर नकाशा पसरून कंपनीचे साहेब म्हणाले, "अणूपेक्षा वारा केव्हाही बरा, काकू. उन्हाला जागा फार लागते, पाण्याचा भरवसा नाही. वाऱ्याचा ना धूर, ना विषारी कचरा! फक्त आवाज होतो, म्हणून अर्धा किलोमीटर लांब राहायचं."

"म्हणजे पुन्हा बोचकी बांधा."

"तुमच्याच भल्यासाठी हो!"

काकूंनी नकाशाखालून कापड खसकन ओढलं. "वाऱ्यापासून अर्धा किलोमीटर, कळलं. तुमच्यापासून किती लांब राहायचं, तेवढं सांगून जा."