मेहुण्याचं मशीन

बायको गेल्यावर नातेवाईक आठवण म्हणून वस्तू मागायला लागले. तिच्या बहिणीने शिलाई मशीन नेलं, माझ्या भावजयीने भिंतीवरचं घड्याळ. शेजारणीने कुकर नेला. कुकरमध्ये कसली आठवण, हे मी विचारलं नाही. बायकोच्या धाकट्या भावाने मात्र काहीच मागितलं नाही. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

बायको गिटार बनवायची, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, हाताने. आकार तिचा स्वतःचा होता. एक खांदा जरा उतरता, कंबर खोल. एक वाद्यांचा दुकानदार त्या आकारासाठी तिच्या मागे लागला होता, पण तिने दिला नाही. आकाराचा प्लायवूडचा साचा शेडमध्ये खिळ्याला टांगलेला असे. शिवाय माळ्यावर एक फळी होती. आमच्या मुलीच्या गिटारसाठी तिने ती निवडून कित्येक वर्षं वाळवत ठेवली होती. एवढी रुंद, बिनगाठीची फळी पुन्हा मिळायची नाही, असं ती म्हणायची.

मेहुणा म्हणाला, "दाजी, ती गिटार आपण पुरी करू. हाताने तुम्हाला जमणार नाही आणि मलाही नाही. मशीन बनवू."

मी सगळी नोकरी लेथवर काढली. मला लोखंड कळतं, लाकूड कळत नाही. म्हणून हो म्हटलं.

मशीन तसं साधं. खाली टेबल, त्यावर मागेपुढे सरकणारा पूल, पुलाला अडकवलेला राऊटर, म्हणजे लाकूड कोरणारं यंत्र; त्याच्या टोकाला फिरणारं पातं म्हणजे बिट. मोटरी लांब स्क्रू फिरवतात आणि कॉम्प्युटरमध्ये काढलेल्या रेघेवरून बिट लाकूड कापत जातं. सांगाडा आणि स्क्रू मी केले. वायरिंग आणि कॉम्प्युटर त्याच्याकडे होतं. पूल नेमका कुठे आहे हे मशीनला कळावं म्हणून कडेला स्विच बसवतात, ते आम्ही बसवलेच नाहीत. "नंतर बघू," तो म्हणाला. त्यामुळे पूल कोणी हाताने हलवला तर मशीनला पत्ता लागणार नव्हता.

आकार कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा म्हणून त्याने साचा घरी नेला. उद्या आणतो म्हणाला आणि आठवडा लावला. शेडमध्ये मी जवळ गेलो की लॅपटॉप पलीकडे वळवायचा. फोन आला की बाहेर जाऊन हळू आवाजात बोलायचा. चाचणीसाठी त्याने चौकोन कापला, गोल कापला. गिटारच कापून बघू म्हटलं तर म्हणाला, "एवढं मोठं प्लायवूड आहे कुठे?"

मी मुलीला म्हटलं, "तो स्क्रीन का वळवतो?"

"तुम्ही त्याच्या मानेवर श्वास सोडता म्हणून."

"मी नुसतं लक्ष ठेवतोय."

"कुकर गेला तेव्हा कुठे होतं लक्ष?"

ती हसली, पण मला हसू आलं नाही. माझा हिशेब पक्का झाला होता. खरा आकार दुकानदाराला जाणार आणि आमच्या फळीवर भलताच उतरणार.

फळी टेबलावर आवळली त्या दिवशी मी स्टूल ओढून समोरच बसलो. पहिल्या फेरीत बिटाने आकाराभोवती उथळ खाच पाडली. तेवढ्यात मेहुण्याचा फोन वाजला. त्याने मशीन थांबवलं, बिट वर घेतलं आणि तो बाहेर गेला.

साचा ठेवून बघायला एवढाच वेळ मिळाला. पण पूल बरोबर फळीच्या मधोमध उभा होता. मी मोटरींचा करंट बंद केला, स्क्रू हाताने फिरवत पूल मागे नेला. किती आटे फिरवले ते मोजत होतो. आयुष्यभर तेच केलं होतं. साचा खाचेच्या आत ठेवला. कुठे नखही शिरेना. उतरता खांदा, कंबर, सगळं तिचंच.

मी साचा उचलला आणि पूल परत आणायला लागलो. स्वयंपाकघराच्या दारातून मुलीने विचारलं, "चहा किती करू?" मी म्हटलं, "तिघांचा कर." आणि पुन्हा मोजायला लागलो. पूल जागेवर आला असं वाटलं, करंट चालू केला, स्टुलावर येऊन बसलो.

मेहुणा आला, त्याने दुसरी फेरी सुरू केली. आवाज वेगळा आला तेव्हा मला कळलं, माझे आटे चुकले होते. त्याने धावत जाऊन बटण दाबलं तोवर बिट खांद्याच्या आत शिरलं होतं. कडेला पायरी पडली होती.

तो खाली वाकला, मोटर आणि स्क्रू जोडणारं कपलिंग तपासायला लागला. "कपलिंग सुटलं असणार. माझ्याच हातून घट्ट बसलं नाही. दाजी, मी काय करून बसलो."

ते तसंच राहू द्यावं, असं क्षणभर वाटलं.

"पूल मी हलवला," मी म्हटलं.

"कशाला?"

"साचा ठेवून बघायला. तोच आकार आहे का."

तो उठला नाही. तिथूनच म्हणाला, "मग? होता?"

"होता."

बराच वेळ तो पान्ह्याने कपलिंग उगाच आवळत राहिला. मग म्हणाला, "मला हे येत नाही, दाजी. एक ओळखीचा आहे, त्याला पावलोपावली विचारून करतोय. सगळं फोनवर. तुमच्यासारख्या माणसासमोर कसं विचारणार?"

मुलगी चहा घेऊन आली. फळीकडे बघून तिने ट्रे जमिनीवर ठेवला. काय झालं ते मीच सांगितलं. तिने त्या पायरीवरून बोट फिरवलं.

"पायरीच्या आतून कापलं तर?" तिने मामाला विचारलं.

"आकार लहान होईल. ताईचा राहणार नाही."

"नसू दे. फळी तर तिची आहे."

आता मेहुणा रोज संध्याकाळी येतो आणि नवा आकार काढतो. लॅपटॉप माझ्यासमोर ठेवतो, एक रेघ ओढतो आणि थांबतो. "दाजी, बघता का?" मी मान डोलावली की पुढची रेघ. आवाज अगदी नम्र असतो. हा मान देतोय की टोमणा मारतोय, ते मला ठरवता येत नाही. एवढं झाल्यावर मुलीला विचारायची सोय उरलेली नाही. मी चष्मा लावतो आणि बघतो.