रिकाम्या वर्तुळांची पोथी

मित्रांनो, मला उघडण्याआधी हात धुवा आणि पुसून चांगले कोरडे करा. ओल्या हातांशी माझे जुने वैर आहे. मोरोक्कोतल्या फेझ शहरातली मी एक जुनी पोथी, आणि तीही किमयेची. शिशाचे सोने कसे करावे हे माझ्यात लिहिले आहे, म्हणून आजवर माझ्याकडे आले ते बहुतेक सोन्यासाठीच आले. मला स्वतःला सोन्याचे कौतुक कधी वाटले नाही. मला ओढ आहे ती एका आवाजाची. तो आवाज माझ्यावरून शेवटचा फिरला त्याला कित्येक शतके लोटली, पण ती दुपार मी विसरलेली नाही.

माझा जन्म सी अल्लाल यांच्या घरी झाला. आमच्याकडे आदराने पुरुषाच्या नावाआधी 'सी' लावतात आणि बाईच्या नावाआधी 'लल्ला'. पोथ्या नकलून देणे हा त्यांचा धंदा. नदीकाठच्या गिरणीतून कागद आणायचा, त्याला खळ लावायची, गुळगुळीत दगडाने तो घोटायचा, मेंढीची लोकर जाळून तपकिरी शाई करायची आणि मग बोरू हातात घ्यायचा. नकलायची मूळ पोथी एका जुन्या विद्वान शेखांनी रचलेली, आणि ती मशिदीच्या ग्रंथालयातून उसनी मिळालेली होती. माझ्या पहिल्या पानावर सी अल्लालनी कबीकजचे नाव घातले. कबीकज म्हणजे किड्यांचा राजा. त्याचे नाव दिसले की कसर पोथीच्या वाटेला जात नाही, असे सगळे म्हणत. माझ्या पानांची आजची चाळण पाहिलीत, तर कसरीला वाचता येत नाही हे तुम्हालाही पटेल.

नुसती लिहून झाली म्हणजे पोथी झाली, असे आमच्याकडे कोणी मानत नसे. एकाने मूळ पोथी मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने नकलेवरून बोट फिरवत ताडून पाहायचे. नकलेत सुटलेले समासात लिहायचे. मुळात नसलेले काही नकलेत आले असेल, तर ते खोडायचे. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी एक लहानसे वर्तुळ काढलेले असे. तिथपर्यंतचे ताडून झाले की त्या वर्तुळात ठिपका द्यायचा. ठिपका असलेले वर्तुळ म्हणजे निर्धास्त वाचा, आणि रिकामे वर्तुळ म्हणजे जपून.

सी अल्लालसमोर वाचायला बसे त्यांची बायको बतूल. तिचे वडील फकीह, म्हणजे मुलांना कुराण शिकवणारे गुरुजी, त्यामुळे ती लहानपणीच वाचायला शिकली होती. आवाज जरासा घोगरा, वाचणे मात्र स्वच्छ. दुपारची कामे आटोपली की दोघे अंगणातल्या चटईवर समोरासमोर बसत.

"अहो, डोळे मिटून काय ऐकताय? नजर पानावर ठेवा."

"तू वाचतेयस की घोड्यावरून निघालीयस? जरा दमानं."

"दमानं घ्यायला वेळ कुणाला आहे? गल्लीच्या भट्टीत रोट्या टाकून आलेय. करपल्या, तर ताटात ही पोथीच वाढीन."

मला त्या धमकीची मुळीच भीती वाटत नसे. उलट रोट्या जरा सावकाश भाजाव्यात आणि वाचणे आणखी थोडा वेळ चालावे, असे मला वाटायचे.

माझ्यातली एक ओळ तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे सगळे तिच्यावरच येणार आहे. सी अल्लाल ती ओळ लिहीत होते तेव्हा कडू नारंगीला फुलोरा आला होता. बतूलने अंगणात तांब्याचे तोंडबंद भांडे चुलीवर चढवून फुलांचे पाणी काढायला घेतले होते. सी अल्लालना पुटपुटत लिहायची सवय. ते पुटपुटले, "कुपी निवेपर्यंत तिच्या तोंडावरची माती फोडू नकोस."

चुलीपाशी बतूल हसायला लागली. "अगंबाई! निवल्याशिवाय कोण उघडतं? एवढं सांगायला शेख लागला?"

"शेखांनी कधी चुलीपुढे बसून पाहिलंय का? म्हणून त्यांना लिहून ठेवावं लागतं."

दोघेही हसले. हसताना सी अल्लालचा हात हलला आणि त्या ओळीतले एक अक्षर जरा फुगले. ते अजून तसेच आहे. माझ्या अंगावरचे सर्वांत लाडके अक्षर कोणते असे कोणी विचारले, तर मी तेच दाखवीन.

लिहिणे पूर्ण झाले आणि ताडायला सुरुवात झाली. रोज थोडी पाने पुढे सरकत आणि वर्तुळांत ठिपके भरत जात. त्या शरद ऋतूत शहरात तापाची साथ आली आणि बतूल अंथरुणाला खिळली. तरी एका दुपारी तिने मूळ पोथी मागून घेतली.

"आज राहू दे, बतूल."

"का म्हणून? फकीहच्या लेकीनं काम अर्धं टाकलं, असं लोकांनी म्हणायचं? माझ्या वाचण्यात आजवर एक तरी ओळ सुटलीय का?"

"नाही सुटली."

"मग घ्या तो बोरू."

भिंतीला पाठ टेकून, घोंगडी गळ्यापर्यंत ओढून ती वाचू लागली. मधेच खोकला यायचा. अक्षरे तिच्या डोळ्यांपुढे हलत असणार. वाचता वाचता ती त्या कुपीच्या ओळीपाशी आली, आणि ती ओळ ओलांडून थेट पुढच्या ओळीवर गेली.

सी अल्लालनी मान वर केली. माझ्या पानावर ती ओळ बरोबर होती आणि मुळातही असणार, हे त्यांना ठाऊक होते. "ओळ सुटली, परत वाच," एवढे म्हटले की झाले असते. रोज ते एकमेकांना असे कितीदा टोकायचे! पण ते बतूलकडे पाहतच राहिले. मग त्यांनी बोरू शाईत बुडवला आणि ती ओळ खोडली. इतक्या हलक्या हाताने, की खालचे एकही अक्षर झाकले गेले नाही. मी तेव्हाच सगळे समजले, मित्रांनो.

"सुटली का हो एखादी?" परिच्छेद संपल्यावर तिने विचारले.

"नाही गं. एकही नाही."

त्यांनी वर्तुळात ठिपका दिला. तिने समाधानाने मूळ पोथी मिटली. पुढच्या शुक्रवारपर्यंत ती गेली होती.

निम्मी वर्तुळे रिकामी राहिली. मूळ पोथी परत करायची होती. शेजारचे म्हणाले, "सी अल्लाल, आमचा थोरला बसेल वाचायला." ते म्हणाले, "नको. माझी वाचणारी आहे." कोणी पुन्हा विचारले नाही. मूळ पोथी त्यांनी परत केली, मला कोणाला विकले नाही आणि बतूलच्या ओढणीत गुंडाळून पेटीत ठेवले. ओढणीला नारंगीच्या फुलांचा वास होता. मी तो पुरवून पुरवून घेतला, पण एके दिवशी तोही संपला.

सी अल्लाल गेल्यावर त्यांच्या पुतण्याने मला पोथ्यांच्या लिलावात काढले, आणि तिथून माझी किमयागारांच्या हाती रवानगी झाली. त्यांतले एक हाज्ज जल्लूल, हजयात्रा करून आलेले मसाल्याचे व्यापारी. आपले गुपित कोणी चोरील या धास्तीने ते मला माडीवर नेत, दाराला कडी घालत आणि ओठही न हलवता वाचत. मग कुपीत पारा आणि नवसागर भरून, तोंड मातीने लिंपून ती निखाऱ्यावर ठेवत. कुपी खाली उतरली की त्यांना दम निघत नसे. तापलेल्या कुपीची माती ते फोडायला जात, आणि ती कुपी फाडकन फुटे.

"झालं का सोनं?" त्यांची बायको लल्ला मन्नाना दाराबाहेरून विचारी. "सोनं राहू द्या, भुवया तरी शिल्लक आहेत का?"

"माझा काही दोष नाही!" हाज्ज ओरडत. "ही पोथीच अर्धी तपासलेली आहे. ही बघ रिकामी वर्तुळं! घोळ इथंच आहे कुठेतरी."

अहो हाज्ज, घोळ तिथे नाही! मागे या, ठिपक्यांच्या भागात या, ती बारीक रेघ ओढलेली ओळ वाचा! किती वेळा मी मनातल्या मनात हे ओरडले असेन. खाली अंगणात लल्ला मन्नाना दर वर्षी फुलांचे पाणी काढत होत्या. हाज्जनी ते पान एकदा त्यांच्यासमोर मोठ्याने वाचले असते, तरी एवढ्या कुपी फुटल्या नसत्या. पण ठिपके दिसले की लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात.

हाज्जनंतर दुसरे आले, दुसऱ्यानंतर तिसरे. प्रत्येकाची कुपी फुटली आणि प्रत्येकाने रिकाम्या वर्तुळांना बोल लावला. एकाने तर समासात लिहूनच ठेवले, "येथून पुढे सर्व अविश्वसनीय." मला ते फार लागले. सी अल्लालनी ती पाने किती मन लावून लिहिली होती! बतूल वाचणार म्हणून लिहिली होती. त्यांच्यात खरेच चुका असतील का, अशी शंका मग माझ्याही मनात घर करून बसली. ती फेडणार कोण? वाचून ताडायला मूळ पोथी कुठे होती?

पुढे किमयेची हौसच सरली. कोणा घरात मी माळ्यावर सुक्या अंजिरांच्या पोत्याखाली पडून राहिले. उंदरांनी माझ्या पुठ्ठ्याचे चामडे कुरतडले, गळक्या छपराने पाने चिकटवली, आणि कबीकज महाराज कुठे फिरकले नाहीत. हे सगळे मी सोसले असते. सोसवत नव्हती ती शांतता. माझ्यातला एक शब्दसुद्धा कोणी तोंडाने उच्चारत नव्हते. मी मनात बतूलचे वाचणे आठवू लागे, तिच्या खोकल्यापर्यंत येई आणि तिथेच थांबे.

शेवटी त्या घराच्या वारसांनी मला ग्रंथालयात दिले. तिथे माझी पाने मऊ कुंचल्याने झाडली, पातळ कागदाने सांधली. लोक मायेने वागले, पण मुकाट्याने. येणारा हातमोजे घाली, फोटो काढी आणि निघून जाई.

मग लल्ला तूरिया आल्या. ग्रंथालयात किमयेच्या पोथ्यांचे काम त्या पाहत. माझ्याच मुळावरून केलेली एक दुसरी नक्कल ट्यूनिसमध्ये सापडली होती, आणि तिचे फोटो त्यांनी मागवले होते. सोबत होते सी मफद्दल, निवृत्त शिक्षक, जुनी अक्षरे लावण्यात पटाईत. एका सकाळी दोघे खिडकीपाशी समोरासमोर बसले. लल्ला तूरियांनी ट्यूनिसच्या नकलेचे फोटो हाती घेतले, सी मफद्दलनी मला पुढे ओढले, आणि लल्ला तूरिया मोठ्याने वाचू लागल्या. माझ्या शिवणीतला दोरादोरा जागा झाला.

त्यांनी सुरुवात रिकाम्या वर्तुळांपासून केली. बदनामी त्याच भागाची होती ना! दिवसामागून दिवस वाचणे चालले. सी मफद्दल चूक शोधत आणि ती सापडत नसे.

"कमाल आहे," शेवटच्या पानावर ते म्हणाले. "एखाददुसरं अक्षर सोडलं तर काही नाही. मग या लोकांचं सोनं का झालं नाही?"

"शिशाचं सोनं होत नसतं म्हणून, सी मफद्दल!"

ते खो खो हसले. सी अल्लाल, तुमची पाने निर्मळ निघाली हो! तुम्हाला हे कळवायला मी काय वाटेल ते दिले असते.

"आता पहिला भागही ताडू," लल्ला तूरिया म्हणाल्या.

"कशाला? तिथं ठिपके आहेत की."

"असू देत. आपण वाचू या."

आणि वाचता वाचता ती ओळ आली. "कुपी निवेपर्यंत तिच्या तोंडावरची माती फोडू नकोस." लल्ला तूरिया थांबल्या आणि हसायला लागल्या. "अगंबाई! निवल्याशिवाय कोण उघडतं? माझी आई ऐकती तर म्हणाली असती, हे पुस्तकात लिहायला कुणी सांगितलं!"

मित्रांनो, मी कागदाची. मला रडता येत नाही, आणि आले तरी रडू नये, शाई पसरते. पण तेच शब्द होते. तसेच हसणे होते. एवढ्या काळानंतर कोणीतरी बतूलच्या तोंडचे वाक्य माझ्यापाशी परत आणून दिले होते.

"थांब," सी मफद्दल म्हणाले. "इथं ती ओळ आहे, पण खोडलीय. बरोबर लिहिलेली ओळ खोडली! लिहू का, नकलणाऱ्याची हलगर्जी?" आणि त्यांनी पेन्सिलीने आपल्या वहीत तसे लिहिलेसुद्धा.

लल्ला तूरियांनी माझ्यावर वाकून ती रेघ न्याहाळली. "हलगर्जी असती तर अशी जपून रेघ ओढली असती का? मला वाटतं, वाचणाऱ्याकडून ओळ सुटली. याच्या ते लक्षात आलं, आणि हा बोलला नाही. बघा ना, पुढच्याच वर्तुळापासून ठिपके थांबलेत."

"न बोलायला काय झालं होतं?"

"ते कसं कळणार?"

सी मफद्दल खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "माझी बायको हाजिबा शेवटी शेवटी हरीऱ्याच्या रश्श्यात मीठ घालायला विसरायची. चांगला झालाय का, म्हणून विचारायची. मी म्हणायचो, एकदम मस्त."

सी मफद्दलनी खोडरबर घेतला आणि वहीतला तो शब्द पुसून टाकला. त्याजागी लिहिले, "ओळ खोडली आहे. वाचता येते."

माझी उरलेली वर्तुळे अजून रिकामीच आहेत. ग्रंथालयात माझ्यावर शाई लावायची परवानगी कोणाला नाही, आणि ते ठिपके देणारा हातही आता नाही. त्याचे मला दुःख नाही. तुमच्याकडे माझे मागणे एवढेच आहे. माझ्यासारखी कोणी जुनी पोथी हाती आली, तर तिला नुसती पेटीत घालून जपू नका. समोर कोणाला तरी बसवा आणि तिला मोठ्याने वाचा. वाचणाऱ्याकडून एखादी ओळ सुटली, तर आधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहा आणि मग काय ते ठरवा.

आजही कोणी मला वाचायला बसले, की मी त्या खोडलेल्या ओळीची वाट पाहू लागते. तिथे एखादी बाई हसली, की मला नारंगीच्या फुलांचा वास येतो, आणि आज रोट्या जरा सावकाश भाजाव्यात, असे मला पुन्हा वाटू लागते.