बोट दाखवलेला भोपळा

गच्चीवर साठ-सत्तर माणसं होती आणि कुणी खोकतही नव्हतं. बोरिवलीच्या त्या सात मजली इमारतीत सोसायटीच्या सभेलाही कधी एवढी गर्दी जमली नव्हती. मधोमध पाटावर हळद फासलेला एक कोहळा होता. त्यामागे जयवंतबाबा बसले होते. भगवी लुंगी, पांढराशुभ्र सदरा आणि मनगटावर वेळेबरोबर पावलंही मोजणारं घड्याळ.

"आधी सासू," बाबा म्हणाले.

जानकीबाई पुढे झाल्या. बाबांनी तांब्यातलं तीर्थ त्यांच्या तळव्यावर घातलं. त्यांनी ओला तळवा कोहळ्यावर दाबला आणि उचलला. कोहळा पिवळाच राहिला.

"आता सून."

दिशा पुढे आली. तिच्या तळव्यावर बाबांनी कमंडलूतले चार थेंब सोडले. तिने तळवा टेकवला, उचलला, आणि मागून कुणीतरी "आई गं!" म्हणून ओरडलं. पिवळ्या कोहळ्यावर तिचा पंजा उमटला होता. पाचही बोटं लालभडक. अंगठ्याखालून एक ओघळ पाटाकडे निघाला होता.

"रक्त!" बाबा म्हणाले. "अकरा फळं खाल्ली हिने या गच्चीवरच्या वेलावरची. आणि दोन पोटातली. हिने नव्हे बरं, हिच्यात बसलीय तिने. आता तिसरं पोटात आहे, अडीच महिन्यांचं. खरं की खोटं?"

दिशाने मान डोलावली. ही गोष्ट घरातल्या तिघांपलीकडे कुणालाच ठाऊक नव्हती.

"सोनोग्राफी कधी आहे?"

"उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी," तिचा नवरा नितेश म्हणाला.

"रद्द करा. यंत्राची नजर पडली की ती चवताळते. हिची व्हायब्रेशन्सच निगेटिव्ह आहेत. मोजायचं मीटर अजून निघालेलं नाही, एवढंच. पुढच्या रविवारी बंध बांधू. तोवर गच्ची नाही, डॉक्टर नाही, गोळी नाही."

नितेश हळूच म्हणाला, "बाबा, पण डॉक्टर तर..."

"डॉक्टरने मागची दोन वाचवली का?"

लोकांनी माना हलवल्या. चौथ्या मजल्यावरच्या अनिरुद्धने कोहळ्याचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि जिना उतरेपर्यंत त्याखाली चाळीस जोडलेले हात जमले.

दिशाला खरा धसका वेगळ्याच गोष्टीचा होता. बाबांना माहीत नसलेली एक गोष्ट तिला माहीत होती.

दुसऱ्यांदा पोट रिकामं झालं तेव्हा मन गुंतवायला म्हणून तिने बाजारातल्या लाल भोपळ्याच्या चार बिया अर्ध्या कापलेल्या निळ्या पिंपात लावल्या होत्या. स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचं खत घातलं, नायलॉनच्या दोरीवर वेल चढवला. पानं ताटाएवढी झाली. फुलं आली, फुलांखाली बोराएवढे हिरवे गोल आले. त्या सकाळी ती हरखून मोजायला लागली, "एक, दोन, तीन..."

"बोट दाखव नको गो! कुसतलो भोपळो!" मालवणच्या जानकीबाई मागून किंचाळल्या होत्या.

तोवर ती पाचापर्यंत पोचली होती.

चौथ्या दिवशी पहिलं फळ टोकाकडून पिवळं पडलं. मग दुसरं. डोक्यावर सुकलेलं फूल टोपड्यासारखं चिकटलेलं, खाली अंगठ्याएवढं मऊ, थंड शरीर. दिशा ती गळलेली फळं कचऱ्यात टाकत नसे. पिंपातल्याच मातीत पुरत असे, आणि पुरताना वर बघत नसे, कारण वेलावरची उरलेली फळं आपल्याकडे बघतायत असं तिला वाटे. बोट दाखवायचं तिने सोडलं, तरी फळं गळत राहिली. मग ती हात पदराखाली घेऊन गच्चीवर जाऊ लागली. तरीही गळत राहिली. मग एक विचार तिच्या मनात शिरला आणि तिथेच राहायला आला: पोटावर हात ठेवून आपण दिवस मोजत होतो, तेही बोटांवरच.

म्हणून पंजा लाल उमटला तेव्हा तिला आश्चर्य वाटलं नाही. घरी येऊन तिने गोळ्यांची पट्टी खणात टाकली आणि खण लावून घेतला.

सोमवारी सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या लूर्डस टीचर दिशाला जिन्यात भेटल्या. महापालिकेच्या शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. इमारत उभी होती त्या जागेवर पूर्वी त्यांच्या बापाची भाजीची वाडी होती. वरून जानकीबाई उतरत होत्या, ओच्यात पिवळीधमक फुलं घेऊन.

"काय गो जानकी, फुलं कुठं चालली?"

"भज्यांना. रोजचीच आहेत. वांझ फुलं ती, नुसत्या देठाची. त्यांना फळ कुठलं धरायला! फळावरच्या फुलांना मी हात लावत नाही हो. तेवढं कळतं मला."

लूर्डस टीचर तिथेच थांबल्या. "रोज? सगळी?"

"एकूण एक. नितेशला फार आवडतात."

"उद्याची मला दे. मीच खुडते."

"घे की!"

जानकीबाई आत गेल्यावर टीचरनी दिशाचा दंड धरला. "उद्या साडेसहाला वर ये."

"मला गच्ची बंद आहे, टीचर."

"कुणी केली? त्या लुंगीवाल्याने? तू ये. आणि गोळी घे आधी. माझ्यासमोर घे."

मंगळवारी वेलावर फळवाली दोन फुलं उमलली होती आणि नुसत्या देठाची सहा. टीचरनी त्यातलं एक खुडलं, पाकळ्या सोलल्या. मधल्या दांडीवरची पिवळी पूड त्यांनी दिशाच्या बोटाला लावली.

"हे नर फूल. तू सासूसारखं वांझ म्हणू नकोस याला. याची पूड त्या फुलात पडली तर फळ धरतं. खाली वाडीत हे काम मधमाश्या करायच्या. इथे सातव्या मजल्यावर एखादी आलीच तर तिला पूड मिळणार कुठून? ती तुमच्या कढईत." त्यांनी दांडी फळवाल्या फुलाच्या आत हलकेच फिरवली आणि देठाला लाल दोरा बांधला. दुसऱ्या फुलावर त्यांनी मलमलची पिशवी चढवून तोंड आवळलं.

"आता या लाल दोऱ्याच्याला बोट दाखव."

"नाही!"

"दाखव. रोज सकाळी येऊन दाखव. आणि पिशवीतल्याकडे ढुंकूनही बघू नकोस. तुझ्या बोटात मरण असेल तर लाल दोऱ्याचं मरेल, पिशवीतलं वाचेल. बघू."

दिशाने बोट उचललं. डोळे गच्च मिटून तिने ते लाल दोऱ्याकडे रोखलं. बुधवारी जिना चढताना वाटलं, आज पिवळं पडलेलं असेल. गुरुवारी वाटलं, आज नक्की. शुक्रवारी ती सातव्या मजल्यावरून परत फिरली, पाच पायऱ्या उतरली आणि पुन्हा चढली. लाल दोऱ्याचं फळ लिंबाएवढं झालं होतं. तिने बोट दाखवलं. गच्चीवर कुणी नव्हतं, तरी ती कुजबुजली, "माफ कर हं."

रविवारी गच्ची पुन्हा भरली. बाबांनी कोहळा मांडला, कमंडलू उचलला.

"बाबा," मागून लूर्डस टीचर म्हणाल्या, "आज आधी तुमचा पंजा उमटवा ना. कमंडलूतल्याच पाण्याने."

"साधकावर प्रयोग चालत नाही, बाई."

"मग जानकीवर करते. आणि पाणी माझं." टीचरच्या हातात स्टीलचा पेला होता, त्यात वर निवळलेलं स्वच्छ पाणी. त्यांनी ते जानकीबाईंच्या तळव्यावर ओतलं. जानकीबाईंनी बिचकत पंजा टेकवला.

लालभडक.

"आता सासूत शिरली का हो ती?" टीचरनी विचारलं. कुणीतरी फसकन हसलं. "वॉचमनच्या डबीतला चुना रात्री पाण्यात कालवला, सकाळी वरची निवळी घेतली. हळदीला चुना लागला की लाल. बायांनो, पूर्वी कुंकू कशाचं करायचे? तुमच्या आज्यांना हा चमत्कार पाठ होता!" त्यांनी अर्धं लिंबू त्या पंजावर पिळलं. रक्त ओसरत गेलं आणि हळद पुन्हा पिवळी झाली. "गेली बघा हडळ. एका लिंबात."

"पण बाबांना दिशाचं पोट कसं कळलं?" अनिरुद्धने विचारलं. फोन त्याच्या हातात तसाच उघडा होता.

जानकीबाई खाली बघत म्हणाल्या, "नाव नोंदवताना बाबांच्या माणसाने फोनवर सगळं विचारलं होतं. मीच सांगितलं." मग त्यांचा आवाज चढला. "आणि मीच ऐकत बसले तुमचं, सूनबाई नासवते म्हणून!"

"श्रद्धेची परीक्षा घेणाऱ्याचं भलं होत नाही," बाबा म्हणाले, पण कमंडलूचं तोंड त्यांनी तळव्याने गच्च झाकून धरलं होतं.

"मग पोलीस ठाण्यात सांगा तसं. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे राज्यात," टीचर म्हणाल्या.

बाबांचं घड्याळ त्या दिवशी खाली जातानाची पावलं फार भराभर मोजत गेलं असणार.

टीचर वेलाकडे वळल्या. पिशवी उघडली. आतलं फळ पिवळं, लिबलिबीत, अंगठ्याएवढं. लाल दोऱ्याचं मोसंबीएवढं, टणक, हिरवंगार.

"म्हणजे अकराच्या अकरा मीच खाल्ली?" जानकीबाई पुटपुटल्या.

"तू भजी खाल्लीस. मलाही दिली होतीस. चांगली झाली होती. निम्मी फुलं ठेवत जा फक्त."

दिशाने पोटावर हात ठेवला. "टीचर, हे जगलं. मग तेही..."

"नाही हं बाय," टीचर ताडकन म्हणाल्या. "भोपळ्याचं आणि पोटाचं काही नातं नाही. हे जगलं म्हणून तेही जगेल असं मी सांगितलं, तर माझ्यात आणि त्याच्यात फरक काय? ते डॉक्टरला विचार. उद्या."

सोमवारी जानकीबाई स्वतः सोबत गेल्या. पडद्यावर एक इवलासा ठोका लुकलुकत होता. डॉक्टरांनी थायरॉईडच्या गोळ्या एकदाही चुकवू नका म्हणून बजावलं. "आज सगळं ठीक आहे, पुढचं पुढच्या तपासणीला," असं म्हणून त्यांनी तारीख दिली. याहून मोठं वचन त्यांनी दिलं नाही, आणि दिशाला तेवढं पुरलं.

दिवाळीनंतर भोपळा उतरवला. साडेतीन किलो. जानकीबाईंच्या घरात अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी पुरुषाने लावायची रीत. नितेश बाह्या सरसावून उभा राहिला. जानकीबाईंनी त्याच्या हातातली सुरी काढून सुनेला दिली.

आपल्या प्रत्येक इमारतीत असा एखादा वेल असतो आणि त्याखाली उभं करायला एखादी बाई सापडतेच. तेव्हा विनंती एवढीच: फळ गळलं तर सकाळी लवकर उठून आधी फूल बघा, माती बघा, आपल्याच हातात काय आहे ते बघा. पोट दुखलं तर डॉक्टरकडे जा. कुणी रक्त दाखवलं तर लिंबू मागा. त्याआधी कुणाही बाईकडे बोट दाखवू नका. कारण बोटाने भोपळा कुजत नाही. माणूस मात्र आतून कुजतो.

भोपळा उतरवला त्या दिवशी वेलावर आणखी फळं धरली होती. संध्याकाळच्या उन्हात दिशाने ती मोजली. बोट सरळ रोखून, मोठ्याने. सात.