खाटेखालचं कोरडं भांडं

मी एक जुना स्टीलचा बेडपॅन आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडलंत ना? मुरडा. दवाखान्यात येणारा प्रत्येक जण तेच करतो आणि दोन दिवस खाटेवर आडवा पडला की माझ्याच नावानं हाका मारतो. माझा जन्म वाळूजच्या एका कारखान्यात झाला. ज्या पत्र्यातून मी निघालो, त्याच पत्र्यातून सुया-कात्र्या ठेवायचे ट्रेही निघाले. ते ऑपरेशन थिएटरात गेले आणि मी शहरातल्या एका दवाखान्यात, बायकांच्या हाडांच्या वॉर्डात, खाटेखाली. आजही ते ट्रॉलीवरून जाताना असा तोरा मिरवतात, जशी काही हाडं तेच जोडतात. आम्हाला मात्र सगळे नुसतं 'भांडं' म्हणतात.

पण मला खरा तिटकारा आहे तो खाटेच्या पायथ्याशी लटकणाऱ्या फायलीचा. तिला पुसून ठेवतात, तिच्यावर सह्या करतात, मोठे डॉक्टर आले की आधी तिला हात लावतात, मग पेशंटला. तिच्या पोटात काय वाटेल ते भरता येतं. माझ्या पोटात जे असतं ते खरंच असतं.

नर्सिंगच्या कॉलेजातल्या मुली दरवर्षी आमच्या वॉर्डात येतात. प्रत्येकीला एक पेशंट मिळतो आणि त्याच्यावर एक 'मॉडेल' लावून दाखवायचं असतं. मॉडेल म्हणजे कुणा विद्वानानं मांडलेला विचार. मुली तो तक्त्यावर उतरवतात, लाल-निळे बाण काढतात, चौकटी आखतात आणि पेशंटला त्या चौकटीत बसवतात. पेशंट बसत नसला, तर चौकट बदलत नाहीत, पेशंटलाच दाबून बसवतात. वीस वर्षं मी हे कागदी घोडे खालून बघत आलो आहे.

गेल्या थंडीत गंगापूरची प्रेरणा आली. अक्षर मोत्यासारखं. तिच्या वाट्याला आल्या करमाडच्या कडूबाई. जीपमधून उतरताना पडून त्यांच्या नडगीचं हाड मोडलं होतं, आणि गुरुवारी ऑपरेशन ठरलं होतं. प्रेरणानं निवडलं स्व-काळजीचं मॉडेल. माणूस स्वतःसाठी जे करू शकत नाही, तेवढं परिचारिकेनं करावं, असा त्याचा सारांश. मी मनात म्हटलं, चला, आणखी एक बाणवाली आली.

सोमवारी सकाळी पारूबाईंनी, म्हणजे आमच्या वॉर्डातल्या मावशींनी, मला घाईघाईत कडूबाईंच्या खाली सरकवलं. मी बर्फासारखा गार होतो. कडूबाई "अगं माय!" म्हणून अशा दचकल्या की पलीकडच्या खाटांवरच्या बायका हसल्या. कडूबाईंनी तोंडावर पदर घेतला. त्यानंतर त्यांनी मला मागितलं नाही.

दुपारी प्रेरणा वही घेऊन कडूबाईंपाशी आली. "मावशी, भांडं लागलं तर सांगाल ना?"

"व्हय माय, सांगते की."

'गरज स्वतः सांगते' या रकान्यात तिनं बरोबरची खूण केली. पाण्याचं विचारलं. कडूबाई म्हणाल्या, "पेते की लई." तिथंही खूण. लघवीच्या रकान्यात तिनं लिहिलं, 'पुरेशी'. तेच फायलीतही उतरलं. खाली वाकून कुणी बघितलं? मी कोरडा ठणठणीत पडलो होतो. वर स्टुलावरचा तांब्या काठोकाठ भरलेला होता. कडूबाई त्यात बोट बुडवून नुसते ओठ ओले करत होत्या. मला ओरडता येत नाही, याचं इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं. बाई वाळत चालली होती आणि फाईल तिला स्वावलंबी म्हणत होती.

मंगळवारी सकाळी कॉलेजच्या सत्यभामा मॅडम सहा मुली घेऊन आल्या. प्रेरणानं तक्ता उघडला आणि घडाघडा बोलू लागली. मॅडम मान डोलवत होत्या. "व्वा! मॉडेल किती नेमकं लावलंय. सगळ्यांनी बघून ठेवा." सहाही मुली माना वर करून तक्ता बघत होत्या. कडूबाईंचे डोळे खोल गेले होते, जीभ टाळूला चिकटत होती. त्यांच्याकडे एकीनंही बघितलं नाही. अशी चीड आली मला!

तेवढ्यात पारूबाई भांडी गोळा करत आल्या. मला उचललं, आत डोकावल्या.

"हे कालपासून कोरडंच हाय की!"

"मावशी, नंतर. आमचं चाललंय," मॅडम म्हणाल्या.

प्रेरणा मात्र थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं, मग तांब्याकडे, मग स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षराकडे. तिचा चेहरा पडला. या तक्त्याचे मार्क वर्षाच्या निकालात धरले जायचे.

"मॅडम, माझं चुकलंय," ती म्हणाली आणि सगळ्यांसमोर तिनं तिन्ही रकाने खोडले. मग खाटेशी वाकली. "मावशी, कालपासून पाणीच प्यायला नाहीत ना?"

कडूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुला कसं सांगू गं? तू शिकल्याली लेक. तुला घाण काढाया लावू? त्ये भांडं लई गार लागतं, समद्या हसत्यात. पाणीच पेलं नाय, तर मागायची बारीच येत नाय."

मॅडमनी तक्ता मिटला. मग त्यांनीच डॉक्टरांना बोलावलं. सलाईन लागलं. गुरुवारचं ऑपरेशन सोमवारवर गेलं. आणखी एक दिवस गेला असता तर मूत्रपिंडाला धक्का बसला असता, असं डॉक्टर म्हणाले.

त्या संध्याकाळी प्रेरणानं पडदा ओढला, पारूबाईंच्या हातातून मला घेतलं आणि गीझरच्या नळाखाली धरलं. गरम पाणी माझ्या अंगावरून वाहिलं. तिनं मला कोरडं पुसलं, कड स्वतःच्या मनगटाला लावून बघितली आणि हळूच कडूबाईंच्या खाली सरकवलं. वीस वर्षांत मला असं कुणी ऊब देऊन नेलं नव्हतं. कडूबाई दचकल्या नाहीत.

"आज ह्ये गरम कसं गं?" त्यांनी विचारलं.

"भांडं गरम करून द्यायचं, असं वहीत लिहिलंय, मावशी. पहिल्याच वर्षाच्या," प्रेरणा खालमानेनं म्हणाली.

मित्रांनो, माझाच तोरा उतरला. ज्या वह्यांना मी वीस वर्षं हसलो, त्यांत माझी ऊब लिहिलेली होती आणि ती इतक्या जणींनी पाठ करून परीक्षेत लिहिली होती. तुम्ही मोठे होऊन कुणाची शुश्रूषा कराल, तेव्हा मॉडेल जरूर लावा. फक्त खूण करण्याआधी एकदा खाटेखाली वाका. मी तिथंच असतो.